गुलाबांचा सामना आणि भाकितांचा बाजार

नववर्षाच्या पहिल्या सकाळी कॅलिफोर्नियातल्या पासाडेना या गावी फुलांची मिरवणूक निघते. आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत चित्ररथ असतात, तसेच तिथेही असतात. फरक इतकाच, की चित्ररथाचा बोटभर भागही फुलांनी, पानांनी, बियांनी किंवा सालींनी मढवल्यावाचून ठेवायचा नाही, असा तिथला दंडक आहे. १८९० सालापासून ही प्रथा चालत आली आहे. एक जानेवारीला रविवार आला तर मिरवणूक दुसऱ्या दिवशी निघते. दुपार झाली की गावातली गर्दी आणि घरोघरी टीव्हीसमोर बसलेले लोक वळतात ते फुटबॉलच्या सामन्याकडे. त्या सामन्याचे नाव ‘रोझ बाउल’.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. इथे चेंडू लंबगोल असतो आणि तो पायापेक्षा हातानेच अधिक खेळला जातो. शंभर यार्डांचे मैदान, दोन्हीकडे अकरा-अकरा गडी, डोक्याला शिरस्त्राण आणि खांद्यावर कवचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन. चेंडू घेऊन पलीकडच्या टोकाला पोहोचले की ‘टचडाउन’, त्याचे सहा गुण. अडवायला येणारा गडी हुतूतूतल्यासारखाच अंगावर येतो, पण पूर्ण वेगाने आणि शंभर-सव्वाशे किलोच्या वजनासह. मिशिगन किंवा ओहायोत शिकायला गेलेल्या आपल्या भाच्या-पुतण्याला पहिल्या हिवाळ्यात हा खेळ रानटी वाटतो आणि दुसऱ्या हिवाळ्यात तो स्वतःच कॉलेजच्या रंगाची टोपी घालून ओरडायला लागतो.

या सामन्यांत खेळणारी मुले बहुतेक वीस-बावीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी असतात. त्यांच्यातल्या मोजक्यांच्या बाबतीत त्या दिवसांत दोन भाकिते एकाच वेळी चाललेली असतात. एक, हा सामना कोण जिंकणार? दुसरे, येत्या एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ आपापले खेळाडू निवडतील तेव्हा या मुलाचे नाव कितव्या क्रमांकावर पुकारले जाणार? पहिल्या भाकितावर लोकांची करमणूक अवलंबून असते. दुसऱ्यावर त्या मुलाचे, आणि बरेचदा त्याच्या घरादाराचे, आयुष्य अवलंबून असते. गंमत अशी, की दोन्ही भाकिते उभी असतात ती त्याच एका मुलाच्या गुडघ्यांवर.

वाडग्यांची भाऊगर्दी

‘बाउल’ म्हणजे आपला वाडगा. रोझ बाउलचे मैदान १९२२ साली बांधले गेले, आणि पुढे मैदानाचे नाव सामन्याला चिकटले. सामना मात्र मैदानापेक्षा जुना आहे. १९०२ च्या पहिल्या जानेवारीला मिशिगन विद्यापीठाने स्टॅनफर्डला ४९-० असे धुतले आणि वेळ संपायच्या आतच स्टॅनफर्डच्या कप्तानाने हात टेकले. असला एकतर्फी तमाशा आपल्या गुलाबांच्या उत्सवाला शोभत नाही असे संयोजकांना वाटले असावे. पुढे काही वर्षे त्यांनी चक्क रथांच्या शर्यती भरवल्या. फुटबॉल परतला तो १९१६ साली.

पासाडेनाची भरभराट पाहून १९३० च्या दशकात इतर उबदार गावांनाही स्फुरण चढले. हिवाळ्यात पाहुणे यावेत, हॉटेले भरावीत, हा त्यातला रोकडा हिशेब. ऑरेंज, शुगर आणि सन हे तीन बाउल १९३५ साली सुरू झाले, कॉटन बाउल १९३७ साली. फळे आणि पिके संपल्यावर कंपन्यांची पाळी आली. आज डिसेंबर-जानेवारीत चाळीसच्या आसपास बाउल होतात. एका बाउलमध्ये विजयी प्रशिक्षकाच्या डोक्यावर मेयोनेझची बादली ओततात, दुसऱ्यात बटाट्याचे काप उधळतात. २०२३ साली पॉप-टार्ट्स बाउलमध्ये तर एका भल्यामोठ्या खाद्य-बाहुल्याला भट्टीत सरकवून विजेत्या संघाने तो खाल्ला! हंगामाचा खरा अजिंक्यवीर ठरवण्यासाठी २०२४ च्या हंगामापासून बारा संघांची बाद फेरी खेळवली जाते. मोठे बाउल त्या फेरीत सामावले आहेत, बाकीचे निव्वळ उत्सवाचे.

या सगळ्या सामन्यांची भाकिते डिसेंबरभर वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर झडत असतात. कचेरीत सहकारी आपापसांत याद्या भरतात, आजी नातवाशी पैज लावते. २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना खेळांवरील सट्टा कायदेशीर करण्याची वाट मोकळी केल्यापासून या हौसेला बाजाराचेही रूप आले आहे.

पण बाउलचे भाकीत फार निसरडे. साखळी संपून महिना लोटलेला असतो. तेवढ्यात एखाद्याचा प्रशिक्षक दुसरीकडे गेलेला असतो, एखाद्याचे खेळाडू दुसऱ्या कॉलेजात दाखल व्हायला निघालेले असतात. २००३ च्या जानेवारीत फिएस्टा बाउलमध्ये मायामीचा संघ अकराहून अधिक गुणांनी जिंकेल असा बाजाराचा होरा होता. ओहायो स्टेटने त्यांना दोन जादा डावांनंतर ३१-२४ असे हरवले. २००७ च्या फिएस्टा बाउलमध्ये आयडाहो राज्यातल्या बोइझी स्टेटने बलाढ्य ओक्लाहोमावर ४३-४२ असा एका गुणाने विजय मिळवला. निर्णायक गुण ज्याने चेंडू पाठीमागून हातात घेऊन मिळवले, त्या इयन जॉन्सनने त्या गोंधळातच टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर गुडघा टेकून आपल्या मैत्रिणीला मागणी घातली. हे भाकीत कुठल्या पंडिताने केले होते?

फळ्यावरची नव्वद नावे

आता दुसरे भाकीत. आपल्याकडे आयपीएलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो. जो जास्त बोली लावील त्याचा खेळाडू. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, बोली नसते, पाळी असते. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याची पाळी पहिली, विजेत्याची शेवटची. पाळ्यांची अदलाबदल संघ आपापसांत करू शकतात, पण आपण कुठल्या गावी जाणार हे खेळाडूच्या हाती नसते. याला म्हणतात ‘ड्राफ्ट’. दुबळ्यालाही सबळ होण्याची संधी मिळावी, हा त्यामागचा हेतू. कल्पना फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांची. त्यांचा संघ तेव्हा तळाला होता हे वेगळे सांगायला नको.

पहिला ड्राफ्ट १९३६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात झाला. फळ्यावर नव्वद नावे खडूने लिहिली होती. नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत ८१ मुले निवडली, आणि त्यांतली निम्म्याहूनही कमी प्रत्यक्षात खेळायला गेली. बाकीच्यांना फुटबॉलपेक्षा नोकरीत जास्त पैसे दिसले.

आज ते हॉटेल नाही आणि तो फळाही नाही. १९८० पासून ड्राफ्ट टीव्हीवर दिसू लागला, २०१५ पासून तो गावोगावी फिरू लागला. २०२४ साली डेट्रॉइटमध्ये तीन दिवसांत सुमारे पावणेआठ लाख माणसे आली, असा संयोजकांचा अंदाज आहे. एकही चेंडू फेकला जात नाही, नुसती नावे पुकारली जातात, तरी एवढी जत्रा! त्याआधी कित्येक महिने ‘मॉक ड्राफ्ट’ म्हणजे लुटुपुटीच्या निवडी छापल्या जात असतात: पहिला कोण, दहावा कोण, बत्तिसावा कोण.

क्रमांकाला एवढे महत्त्व का? कारण २०११ पासून नवख्या खेळाडूचा मोबदला जवळपास क्रमांकावरच ठरतो. पहिल्या फेरीतून दुसऱ्या फेरीत घसरला, की लाखो डॉलर गेले. आणि हा खेळ फार काळ खेळता येत नाही. तिशी ओलांडली की बहुतेकांची शरीरे बोलू लागतात. कॉलेजात खेळणाऱ्या शंभरातल्या जेमतेम एक-दोघांना हे दार उघडते. तेव्हा ज्याला ते उघडेल असे सारे सांगत असतात, त्याच्या घरी डिसेंबर महिन्यात एक प्रश्न येऊन बसतो.

शेवटचा सामना खेळावा का?

मायामीच्या ज्या पराभवाचा वर उल्लेख केला, त्या सामन्यात विलिस मॅगही नावाचा एकवीस वर्षांचा धावपटू होता. त्या हंगामात त्याने धावून २८ टचडाउन केले होते. तो ड्राफ्टमध्ये अगदी वरच्या क्रमांकांत जाणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. चौथ्या सत्रात त्याने चेंडू झेलला, समोरून आलेल्या गड्याची धडक थेट डाव्या गुडघ्यावर बसली आणि पाय भलत्याच दिशेला वाकला. गुडघ्याचे तीन अस्थिबंध एकाच धडकेत तुटले. बफेलोच्या संघाने त्याला तरीही २३ व्या क्रमांकावर घेतले, म्हणून लोकांनी नवल केले. पहिले सारे वर्ष तो मैदानाबाहेर होता. पुढे त्याने आठ हजारांहून अधिक यार्ड धाव घेतली. त्याची गोष्ट सुखान्त म्हणायची.

जेलन स्मिथची कथा अधिक कठीण. नोत्र दाम विद्यापीठाचा हा बचावपटू पहिल्या पाचांत जाईल अशी बोलवा होती. २०१६ च्या पहिल्या जानेवारीला, पुन्हा फिएस्टा बाउलमध्येच, त्याचा गुडघा गेला आणि पायाच्या मज्जातंतूलाही इजा झाली. पाऊल उचलणे जमेल की नाही इथून प्रश्न होता. पहिल्या फेरीत त्याचे नाव कुणी घेतले नाही. डॅलसच्या संघाने दुसऱ्या फेरीत, ३४ व्या क्रमांकावर, धोका पत्करून त्याला घेतले. एक हंगाम तो नुसता पाय पुन्हा शिकत होता. नंतर खेळला, चांगला खेळला. पण हातचे गेले ते गेलेच.

हे सारे देशाने पाहिले होते. म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात लेनर्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री या दोन नामवंत धावपटूंनी जाहीर केले, की आम्ही आमच्या कॉलेजच्या बाउल सामन्यात खेळणार नाही, ड्राफ्टची तयारी करू. केवढा गदारोळ झाला! पोरे स्वार्थी झाली, सवंगड्यांना वाऱ्यावर सोडले, कॉलेजचे मीठ विसरली, असे जुने खेळाडू आणि पंडित बोलले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ऑरेंज बाउलमध्ये मिशिगनचा जेक बट उतरला आणि त्याचा गुडघा गेला. एप्रिलमध्ये फोर्नेट चौथा, मॅकॅफ्री आठवा. बट गेला पाचव्या फेरीत, १४५ वा. पुढे दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही आणि २०२१ साली त्याने खेळ सोडला. मात्र त्या सामन्यात उतरल्याचा पश्चात्ताप नाही, असे तो सांगत आला. मॅकॅफ्री २०२३ च्या हंगामातला एनएफएलचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. आता यांतले कोण शहाणे आणि कोण वेडे?

मीठ विसरल्याचा आरोप करताना एक गोष्ट लोक विसरत होते. त्या काळी या मुलांना शिष्यवृत्तीपलीकडे पगार नव्हता. बाउलच्या आयोजकांना, टीव्हीला, विद्यापीठांना आणि प्रशिक्षकांना त्यातून कोट्यवधी डॉलर मिळत. मुलांना भेटवस्तूंची पिशवी. २०२१ च्या जुलैपासून त्यांना आपले नाव आणि छबी जाहिरातींना देऊन कमाई करण्याची मुभा मिळाली. २०२५ च्या जुलैपासून, न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार, विद्यापीठेही थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. नामांकित खेळाडू दुखापतीचा विमाही उतरवतात. पण विमा पैसे देतो, गुडघा देत नाही.

एकदा वाट पडली की मळायला वेळ लागत नाही. २०२३ च्या डिसेंबरात साखळीतले सर्व तेरा सामने जिंकूनही फ्लोरिडा स्टेटला अजिंक्यपदाच्या फेरीत घेतले नाही. मग ऑरेंज बाउलला त्यांचे वीसहून अधिक खेळाडू उतरलेच नाहीत आणि जॉर्जियाने उरलेल्यांना ६३-३ असे झोपवले. तेव्हापासून बाउलचे भाकीत करणारे पंडित ‘कोण जिंकेल’ याच्या आधी ‘कोण खेळेल’ हे विचारतात.

एका दिवसाची तीन उत्तरे

२८ डिसेंबर २०२४ हा दिवस या बाबतीत मोठा बोलका आहे. त्या दिवशी ऑरलँडोत पॉप-टार्ट्स बाउलमध्ये मायामीचा कॅम वॉर्ड खेळला. तो क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा सूत्रधार. शाळेतून बाहेर पडताना या मुलाकडे मोठ्या विद्यापीठांनी ढुंकूनही पाहिले नव्हते. टेक्ससमधल्या एका छोट्या कॉलेजातून पायरीपायरीने तो इथवर आला. पूर्वार्धात त्याने तीन टचडाउनचे चेंडू फेकले आणि कारकिर्दीतल्या एकूण टचडाउन-फेकींचा १५५ चा जुना विक्रम मोडला. मध्यंतरानंतर तो बाकावर बसला, उतरला नाही. मायामी ४२-४१ असे एका गुणाने हरले. अर्धा सामना सवंगड्यांसाठी आणि अर्धा स्वतःसाठी! टीका झाली. एप्रिलमध्ये पहिल्या क्रमांकावर नाव पुकारले गेले ते त्याचेच.

त्याच दिवशी सॅन अँटोनियोत अलामो बाउलमध्ये कोलोराडोचे दोन तारे उतरले: शडूर सँडर्स आणि ट्रॅव्हिस हंटर. शडूरचे वडील डीऑन सँडर्स एकेकाळचे महान खेळाडू आणि याच संघाचे प्रशिक्षक. आमची मुले शेवटचा सामना सोडणार नाहीत, असा त्यांचा बाणा. संघ ३६-१४ असा हरला, पण दोघेही धडधाकट परतले. हंटर दुसऱ्या क्रमांकावर गेला. शडूर पहिल्या फेरीत जाईल असे बहुतेक लुटुपुटीच्या निवडी सांगत होत्या. ड्राफ्टचा पहिला दिवस गेला, नाव नाही. दुसरा दिवस गेला, नाव नाही. मध्येच एक फोन आला, तो एका खोडसाळ पोराचा निघाला. तिसऱ्या दिवशी पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर क्लीव्हलँडने त्याला घेतले. पाठोपाठच्या नोव्हेंबरात पहिल्यांदा सुरुवातीपासून मैदानात उतरला, तो सामना त्याने जिंकून दिला.

अर्धा खेळलेला पहिला आला. उतरलेल्या दोघांतला एक दुसरा आला आणि एक एकशेचव्वेचाळिसावा. यातून कुणी नियम काढून दाखवावा.

मोजपट्टीत न मावणारे

संघ आपल्या परीने नियम काढू पाहतात. दर हिवाळ्याच्या अखेरीस इंडियानापोलिसला होतकरूंची तपासणी होते. उंची, वजन, हाताच्या पंजाची लांबी मोजतात. चाळीस यार्ड किती सेकंदांत धावतो, १०२ किलोचे वजन किती वेळा उचलतो हे पाहतात. वैद्य सांधे वळवून पाहतात, संघाचे लोक उलटसुलट प्रश्न विचारतात. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींनी पूर्वी ‘जरा चालून दाखव’ म्हणावे, तसलाच प्रकार. इथे घड्याळ लावून.

१९९८ साली दोन क्वार्टरबॅकांपैकी पहिला कोण, यावर देशात दोन तट पडले होते. पेटन मॅनिंग पहिला गेला, रायन लीफ दुसरा. दोघांत फारसे डावे-उजवे नाही, असे म्हणणारे पुष्कळ होते. मॅनिंग पाच वेळा एनएफएलचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. लीफची कारकीर्द २००१ मध्ये संपली. पुढे व्यसन आले, तुरुंगही आला, आणि त्यातून सावरून आता तो इतरांना व्यसनाबद्दल सावध करतो. दोन वर्षांनी, २००० च्या पहिल्या जानेवारीला, मिशिगनच्या एका काटकुळ्या मुलाने ऑरेंज बाउलमध्ये चार टचडाउनचे चेंडू फेकून अलाबामाविरुद्ध ३५-३४ असा विजय मिळवून दिला. तपासणीत चाळीस यार्ड धावायला त्याला ५.२८ सेकंद लागले, म्हणजे फारच संथ. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक घेतले गेले. सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर ज्याचे नाव आले, तो टॉम ब्रेडी पुढे सात वेळा अजिंक्यपद जिंकणार होता. बाउलमध्ये जे उघड्या डोळ्यांनी दिसले होते, ते घड्याळाला दिसले नाही.

अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी केड मॅसी यांनी ड्राफ्टचा अभ्यास केला. आधी निवडलेला खेळाडू, त्याच जागेसाठी त्याच्यानंतर लगेच निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीशीच अधिक असते, असे त्यांना आढळले. संघांचे अज्ञान हा मोठा दोष नव्हे. आपल्याला सारे कळते ही खात्री त्यांना महागात पडते.

आपल्या घरांतही बारावीच्या निकालाच्या आसपास असे पंडित गोळा होतातच. पोराचे गुण पाहून त्याचे पुढचे चाळीस वर्षांचे आयुष्य सांगणाऱ्या काका-मामांची आपल्याकडे वाण नाही. अमेरिकेतल्या त्या मुलाची अडचण एवढीच, की त्याचे काका-मामा कोट्यवधी आहेत आणि ते टीव्हीवर बोलतात.

म्हणून शेवटी आठवण होते ती १९३६ च्या त्या फळ्यावरून सर्वांत आधी पुकारल्या गेलेल्या नावाची. शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर. पुढे ‘हाइझमन’ म्हणून प्रसिद्ध झालेला देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान पहिल्यांदा त्यालाच मिळाला होता. फिलाडेल्फियाने त्याला निवडले, त्याच्यावरचा हक्क शिकागोच्या संघाला देऊन टाकला, पण पैशांचे जुळले नाही. बरवँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. फोम रबर विकणाऱ्या कंपनीत त्याने नोकरी धरली, पुढे स्वतःचा कारखाना काढला, आणि २००२ साली ८८ व्या वर्षी तो गेला. त्याच्या विद्यापीठाने तर १९३९ सालीच फुटबॉल बंद केला होता.

त्याला मिळालेले ते वजनदार ब्राँझचे स्मृतिचिन्ह बरीच वर्षे त्याच्या आत्याच्या घरी होते. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून आत्याबाई ते दाराला टेकवून ठेवत.